उतारा, चार पर्याय आणि आमची चौकडी

वाचनालयात परत आलेलं पुस्तक झटकलं की त्यातून काहीतरी पडतं. एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा, एकदा तर चक्क भाकरीचा वाळका कोपरा! मी ते सगळं एका खोक्यात टाकत गेले आणि एक दिवस खोकं भरून गेलं. किश्शांचंही तसंच झालंय. मुलं आली, शिकली, गेली आणि जाताना एकेक किस्सा माझ्या टेबलावर विसरून गेली. आता घरी मी नुसतं "आमच्याकडे एकदा काय झालं..." म्हटलं की माझी लेक उठते. "आई, चौकडीचा आहे ना? थांब, आधी चहा ठेवते."

तर ही चौकडी.

लोणखेड्याच्या कॉलेजात मी ग्रंथपाल. मूळची शहाद्याची, म्हणजे दोन पावलांवरची. काही वर्षांपूर्वी एका सकाळी चार मुलं काउंटरपाशी येऊन उभी राहिली. चौघांनाही एकच पुस्तक हवं होतं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं, इंग्रजी, विटेएवढं जाड. पुस्तकाची प्रत एकच आणि तीही संदर्भ विभागातली. घरी न्यायची परवानगी नाही. मी म्हटलं, "मग इथंच एकत्र बसून वाचा." पण वाचनालय उघडायचं दहाला आणि यांची लेक्चर्सही दहालाच सुरू! नियम मोडवेना आणि पोरांना परत पाठववेना. शेवटी मीच सकाळी सातला यायला लागले. ग्रंथपालानं लवकर येऊ नये, असा नियम मला तरी कुठं सापडला नाही.

भूषण शहाद्याचा, घरची पिठाची गिरणी. हा बोलणार अहिराणीतच, समोर प्राचार्य असोत नाहीतर गिऱ्हाईक. हितेश कळसाडीचा, गुजर शेतकऱ्याच्या घरातला. केळी, कापूस, ऊस. नाझनीन शहाद्याची, तिचे वडील गाद्या भरतात, त्यांचे वडीलही तेच करायचे. आणि वनसिंग धडगावच्याही पलीकडच्या पाड्यावरचा. होस्टेलला राहायचा, घरी पावरी ही आपली आदिवासी बोली बोलायचा आणि आमच्यात बसला की फारसं काहीच बोलायचा नाही.

या परीक्षेत दोन गोष्टी पोरांना घाम फोडतात. एक म्हणजे लांबलचक उतारा आणि त्याखालचे प्रश्न. दुसरी क्रिटिकल रीझनिंग. चार ओळींचा युक्तिवाद देतात आणि विचारतात, यात न सांगता काय गृहीत धरलंय? किंवा, कुठल्या मुद्द्यानं हा लंगडा पडेल?

तुम्ही विचाराल, मी काय शिकवत होते? काही नाही! कोणी आधीच डोकावू नये म्हणून मी उत्तरांच्या पानांना स्टेपलर मारायचे आणि घड्याळ लावायचे. बस्स.

*

पहिल्याच महिन्यात केळीवरचा उतारा निघाला. आम्ही सगळे हितेशकडे बघून हसलो. म्हटलं, आज याची चांदी! घरी एवढी केळीची बाग, याच्याएवढं कोणाला कळणार?

वीस मिनिटांनी उत्तरं तपासली. नाझनीनची चारही बरोबर. वनसिंगची तीन. भूषणची दोन. हितेशचं शून्य!

"अरे, असं कसं?"

हितेश लालबुंद झाला होता. "मॅडम, हा लिहिणारा माणूस कधी बागेत उतरलाय का? म्हणतो, पाणी वाढवलं की घड वाढतो. वाढतो, पण मुळं सडली म्हणजे? निचऱ्याचं काय? त्याबद्दल एक अक्षर नाही!"

"पण प्रश्न काय होता? लेखकाचं म्हणणं काय आहे, एवढंच ना?"

"त्याचं म्हणणंच चुकीचं आहे, तर मी त्यावर टिक कशी करू?"

नाझनीन शांतपणे म्हणाली, "मी आजपर्यंत केळीचं झाड जवळून बघितलेलं नाही. मला त्यानं जे सांगितलं तेच माहीत होतं."

मग मी सांगितलं, इथं उत्तर उताऱ्यातून द्यायचं, बागेतून नाही. हितेशनं मान डोलावली. पेन्सिल उचलली, चारही उत्तरं दुरुस्त केली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'मार्क घ्यायला हे बरोबर. लावायला नाही.'

संदर्भ ग्रंथात लिहिणं हा गुन्हा आहे. पण ते वाक्य मी खोडलेलं नाही.

*

कारण आणि योगायोग यांतला फरक भूषणला एकदा कळला आणि त्यानं तो घरी वापरायचं ठरवलं. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी घडली असं होत नाही, हे ज्ञान त्याला सकाळी झालं. दुपारी आईनं विषय काढला. "दिनभर मोबाईल देखस, म्हणीसन तुन्हा मार्क कमी येतस."

भूषणनं छाती फुगवून सांगितलं, "आई, हाई कोरिलेशन शे. कॉजेशन नही!"

त्याची माय सातवी शिकलेली. गिरणीच्या पट्ट्याकडे एक डोळा ठेवून तिनं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला.

"मंग दे तो मोबाईल आठ दिन. मार्क वाढनात ते कॉजेशन. नही वाढनात ते तुन्हं ते दुसरं जे शे, ते!"

आठ दिवसांनी भूषणच्या सराव परीक्षेत सहा मार्क वाढले. तो तोंड पाडून आला. मी म्हटलं, "अरे, मार्क वाढले तर आनंद कर की!"

"मॅडम, मार्क वाढनात, पन केस हारनू ना!"

*

आता उत्तरसूचीचा किस्सा.

छापलेलं उत्तर म्हणजे ब्रह्मवाक्य, असं आमचं तोपर्यंत पक्कं होतं. स्टेपल उघडायची, बघायचं, चुकलं असेल तर आपलं डोकं बडवायचं. एका सकाळी प्रश्न असा निघाला: 'या किनाऱ्यावरचे सगळे मच्छीमार पहाटे उठतात. रमण पहाटे उठतो. यावरून काय सिद्ध होतं?' चौघांनीही उत्तर दिलं, 'काहीच सिद्ध होत नाही.' स्टेपल उघडली. पुस्तक म्हणत होतं, 'रमण मच्छीमार आहे.'

भूषण डोकं बडवायला लागला. हितेश पुन्हा प्रश्न वाचायला लागला. नाझनीन म्हणाली, आपलंच काहीतरी सुटलंय.

वनसिंग तोंड उघडेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

"मॅडम, मीपण पहाटे उठतो. मला पोहतासुद्धा येत नाही."

 भूषणनं टेबलावर अशी थाप मारली की संदर्भ विभागातली धूळ उडाली!

ठरलं, प्रकाशकाला पत्र लिहायचं. इंग्रजीत. पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, 'आम्हाला नम्रपणे असं वाटतं की...' नाझनीननं 'वाटतं' खोडलं. "वाटतं कशाला? सिद्ध झालंय!" हितेशनं निदान 'नम्रपणे' तरी ठेवू म्हटलं. दोन दिवस वाद चालला. शेवटी सात ओळींचं पत्र तयार झालं. खाली चौघांच्या सह्या, शेवटी माझा शिक्का. पत्र टाकलं आणि विसरून गेलो.

काही महिन्यांनी पार्सल आलं. आत नवी आवृत्ती आणि छापील लेटरहेडवर दोन ओळी. तुमचं म्हणणं बरोबर आहे, या आवृत्तीत दुरुस्ती केली आहे, आभार. आम्ही पान उघडलं. रमण मच्छीमार राहिला नव्हता!

लोणखेड्यातल्या एका टेबलावरून निघालेली सात ओळींची गोष्ट, आणि ते उत्तर आता देशभरातली पोरं वाचत होती. मी ती चिठ्ठी प्राचार्यांना दाखवायला निघाले, तर हितेश मागून ओरडला, "मॅडम, पुस्तक ठेवून जा! दुसरी चूक शोधायची आहे."

सापडल्या. दोन!

*

होळीला वनसिंग गावी निघाला. सातपुड्यात होळी म्हणजे काय, हे इकडच्यांना सांगायला नको; बाहेर गेलेलं झाडून सगळं माणूस घरी परततं. धडगावपर्यंतच्या जीपमध्ये मुंगीला जागा नव्हती. घाटात पुढे एक ट्रक अडकला आणि सगळी रांग जागच्या जागी थांबली. वनसिंगनं खिशातून झेरॉक्सचा कागद काढला.

ड्रायव्हरनं विचारलं, "काय वाचतोस रे?"

"सवाल आहे."

"मग मोठ्यानं वाच. नाहीतरी बसलोच आहोत."

वनसिंगनं प्रश्न पावरीत करून सांगितला. एका डोंगराळ भागात नवा दवाखाना निघाला. पुढच्या वर्षी तिथल्या आजारी माणसांची नोंद दुप्पट झाली. म्हणून लेखक म्हणतो, दवाखान्यामुळे रोगराई वाढली. यात चूक कुठं आहे?

जीप कामाला लागली. एक जण म्हणाला, दवाखान्यात गर्दी होते, एकाचं दुसऱ्याला लागलं असणार. ड्रायव्हर म्हणाला, डॉक्टर कच्चा असणार. मागच्या सीटवर तिघांत भांडण जुंपलं. टपावर बसलेल्या एकानं खिडकीतून डोकं उलटं घालून विचारलं, "काय झालं? कोण आजारी?"

कोपऱ्यात एक बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. तिनं गाठोडं जरा सरळ केलं आणि म्हणाली, "दवाखाना नव्हता तेव्हा आजारी माणसं मोजत कोण होतं?"

वनसिंगनं कागद उलटा करून उत्तर बघितलं. पर्याय क. शब्दन् शब्द तोच!

सुट्टी संपल्यावर त्यानं हे आम्हाला सांगितलं. त्याला एवढं बोलताना आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. "मॅडम, मला या प्रश्नाला दोन मिनिटं लागली होती. तिला गाठोडं नीट करायला लागला, तेवढाच वेळ लागला."

आम्ही परीक्षेला घाबरत होतो, की इंग्रजी आपलं नाही. त्या दिवसापासून चौघांचंही बसणं बदललं. इंग्रजी परकं असेल, पण विचार करणं तर आपल्याच घाटातलं निघालं!

आणि तो ड्रायव्हर? वनसिंग पुन्हा जीपमध्ये चढला की पहिला प्रश्न, "आज सवाल नाही आणला?"

*

नाझनीनला घरून एकच वर्ष मिळालं होतं. तिच्या चाचांचं, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाचं म्हणणं स्पष्ट होतं. पदवीचं हे शेवटचं वर्ष, संपलं की स्थळं बघा. वडील मधल्यामध्ये. मोठ्या भावापुढे बोलायची त्यांची सवय नाही आणि लेकीला नाही म्हणायची हिंमत नाही. त्यामुळे ती सकाळी सात ते दहा आमच्याकडे, मग लेक्चर्स आणि दुपारभर दुकानात. शिवणकाम करता करता प्रश्न पाठ करायची.

एका दुपारी एक गिऱ्हाईक तणतणत आलं. "महिन्यापूर्वी तुमच्याकडून गादी नेली, तेव्हापासून पाठ धरलीय! कापूस कमी भरलात. गादी परत घ्या!"

चाचा दुकानातच होते. दुकानाच्या नावाचा प्रश्न, म्हणून ते लगेच नरमले. "घेतो, परत घेतो."

नाझनीननं सुई खाली ठेवली. "काका, गादी आल्यानंतर पाठ दुखायला लागली, हे खरं. पण गादीमुळेच दुखते, हे कशावरून? या महिन्यात दुसरं काही नवीन झालंय का?"

"नवीन काय होणार? काही नाही."

"बदली, काम, गाडी?"

"हां, बदली झाली. महिना झाला, रोज धडगावला जातो-येतो. जीपनं."

"बसता कुठं?"

"मागं. जागा कुठं असते? अर्धा आत, अर्धा बाहेर."

 ते गिऱ्हाईक स्वतःच हसायला लागलं. नाझनीन पुढे म्हणाली, "दोन रात्री जुन्या गादीवर झोपून बघा. पाठ दुखायची थांबली तर ही आम्ही परत घेऊ."

गादी परत आली नाही. आठवड्यानं तेच गिऱ्हाईक जीपमध्ये टेकायला उशी शिवून न्यायला आलं!

चाचा त्या संध्याकाळी तिच्या वडिलांना एवढंच म्हणाले, "इसको पढ़ने दे. ये लड़की दुकान का नाम डुबोएगी नहीं." हे सांगायला वडील स्वतः वाचनालयात आले. स्थळांचा विषय त्या वर्षी तरी पुन्हा निघाला नाही.

*

एका मोठ्या शहरातल्या क्लासचे सर मार्गदर्शनाला आले होते. मोफत व्याख्यान. हॉल भरलेला, पडद्यावर रंगीत आलेख. सर उत्तम बोलत होते. शेवटी त्यांनी आलेखावर काठी ठेवली. "बघा. आमच्या क्लासला आलेल्या मुलांपैकी किती निवडले गेले आणि घरी अभ्यास करणाऱ्यांपैकी किती. यावरून काय सिद्ध होतं?"

मी चटकन चौथ्या रांगेकडे बघितलं. माझी चौकडी तिथं बसली होती आणि चौघांच्याही माना एकाच वेळी वर झाल्या होत्या!

नाझनीन उठली. "सर, एक विचारू? तुमच्या क्लासला मुळात कोण येतं? ज्यांची तयारी आधीच बरी आहे, घरी बसायला जागा आहे, नेट आहे, असेच ना? मग ती मुलं क्लासमुळे निवडली गेली की त्या सगळ्यामुळे, हे कसं ठरवलंत?"

 प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

पण सर माणूस दिलदार. ते आलेखाकडे वळले, थोडा वेळ बघत राहिले आणि खळखळून हसले. "अगदी बरोबर! या आलेखावरून काहीच सिद्ध होत नाही. उद्या हा प्रश्न मी माझ्याच क्लासमध्ये घालणार आहे." मग त्यांनी विचारलं, "बेटा, तू कोणत्या क्लासला जातेस?"

तिनं तोंड उघडायच्या आत शेजारून भूषण ओरडला, "मॅडमना सातना क्लासले!"

टाळ्यांत मला काही ऐकू आलं नाही. चष्मा पुसायला घेतला होता, तो बराच वेळ पुसत बसले.

*

अर्ज भरायचे दिवस आले. एका सकाळी टेबलावर अर्जांचे पाच प्रिंटआउट होते.

"पाचवा कोणाचा?"

चौघंही पुस्तकात डोकं घालून बसले. मी कागद उचलला. माझं नाव, माझी जन्मतारीख, ओळखपत्रावरचा माझा तो भयंकर फोटो!

"वेडे आहात का? पन्नाशी आलीय माझी!"

"वयाची अट नाही, मॅडम," हितेश म्हणाला. "नियम वाचलाय आम्ही."

नियमाच्या माणसाला नियमानं मारलं!

सेंटर धुळ्याला होतं. आम्ही पाच जण पहाटेच्या एसटीनं निघालो. नाझनीनच्या वडिलांनी डबा दिला होता, भूषणच्या आईनं शेंगदाण्याची चटणी. गेटवर सुरक्षारक्षकानं हात आडवा केला. "ताई, पालकांनी बाहेर झाडाखाली बसायचं."

भूषणला ते सहन होईना. "पालक नहीत त्या! उमेदवार शेतस!"

रक्षकानं प्रवेशपत्र बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा प्रवेशपत्र बघितलं. मग त्यानं मला सलाम ठोकला. अगदी खरा, पाय जुळवून!

निकालात उताऱ्यांच्या आणि युक्तिवादाच्या भागात मला हितेशपेक्षा जास्त मार्क होते. त्यानं पेढे वाटले. गणितात मला किती मिळाले ते मी आजतागायत नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

नाझनीनला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला स्टँडवर सोडायला चाचाच आले होते. हितेशला जळगावला जागा मिळाली. भूषणचं पहिल्या वर्षी हुकलं. तो दुसऱ्या वर्षी एकटा सकाळी सातला येऊन बसायचा, आणि मीही यायचे. दुसऱ्या वर्षी त्यानं काढलं! आणि वनसिंग. त्याला सगळे म्हणत होते, उताऱ्यांच्या भागात मार खाशील, इंग्रजी तर तुझी तिसरी भाषा. त्या भागात आमच्या पाच जणांत सगळ्यांत जास्त मार्क त्याचे. आमच्या कॉलेजातून आजवर कोणाला तेवढे पडलेले नाहीत.

*

कॉलेजनं वनसिंगचा सत्कार ठेवला. आईवडिलांनाही बोलावलं. वडिलांना येता आलं नाही. आई एकटीच आली, जीपनं धडगाव, तिथून एसटीनं शहादा. गळ्यात चांदीचे दागिने, पायात नवी चप्पल. मुलाचं कॉलेज ती पहिल्यांदाच बघत होती. मी तिला वाचनालय दाखवलं. तिनं कपाटांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसली. तिला मराठी येत नव्हतं, मला पावरी. त्यामुळे दोघीही बराच वेळ हसत राहिलो.

हॉल गच्च भरला होता. स्टेजवर प्राचार्य, पाहुणे, हार, शाल. भाषणं झाली. सगळ्यांनी वनसिंगच्या जिद्दीबद्दल सांगितलं. त्याला ती ऐकून घाम आला होता. शेवटी सूत्रसंचालन करणाऱ्या सरांना उत्साह आवरला नाही. "आता मी वनसिंगच्या आईंना विनंती करतो, त्यांनी आपलं मनोगत व्यक्त करावं!"

वनसिंग खुर्चीतून अर्धा उठला. "सर, आईला मराठी येत नाही."

सर गोंधळले. माइक मागे घ्यायला लागले. पण मनोगत म्हणजे काय हे तिला कळलं नसलं, तरी पुढे केलेला माइक तिला कळला होता. तिनं तो हातात घेतला आणि उभी राहिली.

ती पावरीत बोलायला लागली.

कागद नाही, अडखळणं नाही. एकदा वनसिंगकडे बोट केलं, एकदा हॉलकडे. पाहुणे मान डोलावत होते, जशी स्टेजवर डोलवायची असते तशी. प्राध्यापक मंडळी हसतमुखानं बघत होती. मी तिच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते बघत होते. काही कळत नव्हतं.

शेवटच्या रांगांत होस्टेलची, वनसिंगसारखीच पाड्यांवरून आलेली पोरं होती. तिथून आधी खुसखुस ऐकू आली. मग ती एकदम थांबली. मग एक मुलगी उठून उभी राहिली. मग तिच्या शेजारचा. बघता बघता मागच्या तीन रांगा उभ्या राहिल्या आणि ती बोलायची थांबली तेव्हा त्यांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. पुढच्या रांगांनीही मग जोरात टाळ्या वाजवल्या. सरांनी माइक परत घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "आईंनी अतिशय मोलाचे विचार आपल्यापुढे मांडले!"

कार्यक्रम संपला. पायऱ्यांवर मी वनसिंगला गाठलं. आई खाली होस्टेलच्या पोरींच्या घोळक्यात उभी होती.

"वनसिंग, काय म्हणाली रे ती?"

 त्यानं सत्काराची शाल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"राहू द्या ना, मॅडम."

"सांग. मला माहीत असायला पाहिजे."

त्यानं खाली आईकडे बघितलं आणि सांगितलं.

"ती म्हणाली, 'हा मराठी शाळेत पहिलीला गेला तेव्हा गुरुजींनी घरी निरोप पाठवला होता, तुमच्या पोराला काही कळत नाही, पोरगा ढ आहे. आज मी इतका वेळ बोलतेय. तुम्ही एवढी शिकलेली माणसं पुढच्या रांगांत बसलाय, आणि तुमच्यातल्या एकालाही कळत नाहीये. पण मी कोणाला ढ म्हणणार नाही.'"